मिशी कुणी काढली

आमच्या गल्लीत मिशीवाला पुरुष दिसला की समजायचं, एक तर तो बाहेरगावचा आहे, नाहीतर त्याचं सगळं छान चाललंय. कारण ज्याचं कुठे काही अडलंय, तो एव्हाना मामांच्या सलूनमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मिशी उतरवून गेलेला असतो. नोकरीची मुलाखत असो, लग्न जमत नसो, घर मिळत नसो, नाहीतर परीक्षेत पुन्हा गचकलेला असो. सगळ्यांचं इतकी वर्षं एकच. मिशी काढा मामा, तुमच्या हातानं. आणि हे सगळं ज्या गोष्टीवर उभं आहे ना, ती गोष्ट धडधडीत खोटी आहे. मी सांगते ना. मी तिथे उभी होते, हातात कोट घेऊन.

माझं शिवणाचं दुकान मामांच्या सलूनला लागून आहे. मध्ये फक्त प्लायवूड. गल्लीत मला टेलरबाई म्हणतात. प्लायवूडपलीकडचं मला सगळं ऐकू येतं, आणि मी ऐकत नाही असा दावा मी कधी केलेला नाही. मशीन थांबलं की मामा पलीकडून म्हणतात, "टेलरबाई, ऐकू येतंय ना, की जरा मोठ्यानं बोलू?"

मामा तसे सगळ्यांचेच मामा. गोड माणूस. केस कापायला हात चांगला, दाढीला बरा, आणि बोलण्यातून सवड मिळाली तर आणखी बरा. पण मला सांगायचंय ते मामांच्या बायकोबद्दल, म्हणजे आमच्या मामींबद्दल. रोज सकाळी मामा शटर वर करतात तेव्हा मामी आत शिरतात, खिळ्याला अडकवलेला चामड्याचा पट्टा डाव्या हातानं ताणून धरतात आणि सगळ्या वस्तऱ्यांना धार लावतात. सटाक सटाक आवाज सुरू झाला की मी माझं मशीन सुरू करते. मग त्या फरशी झाडतात, कापडं घड्या करतात, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लोकांच्या थापा ऐकतात. बोलतात कमी. पण बोलल्या की समोरच्याला चार पावलं चालून गेल्यावर कळतं की आपल्याला काहीतरी लागलं.

मामींच्या वडिलांचंही सलूनच होतं. भावाला रक्त दिसलं की चक्कर यायची, तेव्हा वस्तरा आपसूक मामींकडे आला. वडील फुगा फुगवून त्यावर साबणाचा फेस लावायचे आणि म्हणायचे, आता दाढी कर. फुगा फुटला की पुन्हा पहिल्यापासून. किती फुगे फुटले विचारलं तर मामी म्हणतात, "भावाला खेळायला एकही उरला नाही." वडिलांनी त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली. पातं टेकवण्याआधी आपली करंगळी गिऱ्हाइकाच्या गालावर क्षणभर ठेवायची. कातडीला आधी सांगायचं, मग पातं लावायचं. सांगितलं नाही तर कातडी दचकते आणि दचकलेली कातडी कापते. मामांना हे कधी जमलं नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही गिऱ्हाइकाशी बोलतो, त्याच्या कातडीशी कशाला बोलायचं.

तर आता ती घटना. जशी झाली तशी सांगते, कमी नाही जास्त नाही.

मी नवीनच दुकान घातलं होतं. दुपारी एक उमदा माणूस घाईघाईनं आला. झुपकेदार मिशी, अंगात काळा कोट, कोटाचं मधलं बटण हातात. संध्याकाळी सभागृहात त्याचं गाणं होतं. तेव्हा तो कुणी मोठा नव्हता, दुसऱ्या कुणाचा घसा बसला म्हणून आयत्या वेळी बोलावलेला गवई. मी म्हटलं, कोट ठेवा, लगेच लावून देते, तोवर शेजारी बसा. तो सलूनमध्ये गेला. आता नेमके त्या दिवशी मामा नव्हते. दाढ ठणकत होती, गाल सुजला होता, ते दाढ काढायला गेले होते. दुकानात एकट्या मामी. गवई म्हणाला, दाढी करा, मिशीची टोकं तेवढी सारखी करा. मामींनी फेस लावला, गवयानं डोळे मिटले.

इथे आमच्या सलूनची एक रीत सांगायला हवी. गिऱ्हाइकं फेस लावलेला असताना राजकारणावर बोलायची आणि फेस गिळायची. म्हणून मामांनी कायदा केला होता, तोंडाला फेस लागला की खुणा. एक बोट वर म्हणजे थांबा. तळहात उलटा म्हणजे दुसरी बाजू. आणि हात आडवा करून हवेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, म्हणजे सगळं साफ करा. गल्लीतल्या पोराटोरांनाही हे पाठ होतं.

गवयाला काय माहीत. तो बिचारा डोळे मिटून मनातल्या मनात संध्याकाळचं गाणं म्हणत होता. आणि एका लांब सुरावर त्यानं हात असा आडवा, डावीकडून उजवीकडे, सावकाश फिरवला.

मामींना वाटलं, विचार बदलला असेल. गिऱ्हाइकाचं ऐकायचं. करंगळी ठेवली, आणि अर्धी मिशी उतरवली.

मी कोट घेऊन दारात आले तेव्हा गवयानं डोळे उघडले होते. आरशात अर्धा गवई इकडचा होता, अर्धा तिकडचा. माझ्या हातातून कोट पडायचा बाकी होता. त्याचं तोंड उघडं, आवाज नाही. मामींचा चेहरा पांढराफटक पडला, पण हात हलला नाही. त्या म्हणाल्या, "आता दुसरी बाजू ठेवायची की काढायची, तेवढं सांगा."

गवई काय करणार? तो दातओठ खात म्हणाला, काढा. मी कोट दिला, तो घालून तणतणत निघून गेला. झालं. एवढीच घटना.

पण संध्याकाळी तो असा काही गायला की लोक उठायलाच तयार होईनात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, गुळगुळीत चेहऱ्याचा. त्याच चेहऱ्यानं तो मोठा झाला, मिशी पुन्हा ठेवलीच नाही. पुढे एका मुलाखतीत कुणी तरी विचारलं तेव्हा म्हणाला, एका लहानशा सलूनमध्ये माझी मिशी गेली आणि नशीब उघडलं. बस. गल्ली पेटली. सगळे मामांकडे धावले. मामा तुम्हीच ना? मामांच्या तोंडात तेव्हा पुन्हा कापसाचा बोळा होता, दुसरी दाढ. ते काही बोलले नाहीत. लोक म्हणाले, बघा, किती मोठा माणूस, श्रेय घेत नाही.

बोळा निघाला तोवर उशीर झाला होता. आधी लोक म्हणायचे, मामांनी गवयाची मिशी काढली. मग मामांनी ती मुद्दाम काढली. मग मामांनी गवयाला खोकताना ऐकलं आणि म्हणाले, तुमच्या आवाजाला मिशीचा आडोसा होतोय. मग गवई रडला. मग त्यानं मामांचे पाय धरले. तिखटमीठ लावणाऱ्यांची आपल्याकडे काय वानवा आहे? मामा सुरुवातीला नाही नाही म्हणायचे. मग नुसते हसायचे. मग एक दिवस प्लायवूडपलीकडून मी त्यांना स्वतः सांगताना ऐकलं, आणि त्यात पायही होते, रडणंही होतं. मी मशीन थांबवलं. पलीकडे मामींचा पट्टाही थांबला. मग पुन्हा सटाक सटाक सुरू झाला.

मी मामींना गाठलं. म्हटलं, "तुम्ही तोंड का उघडत नाही?"

"मी उघडून काय करू," त्या म्हणाल्या. "घटना माझी, गोष्ट त्यांची. संसारात वाटणी होतेच."

"आणि ही असली वाटणी?"

"अगं, घटना एका दुपारी संपली. गोष्टीवर दुकान चाललंय. मोठा वाटा मी त्यांना दिला म्हण."

पण मला राग यायचा, अजून येतो. त्यांच्या हातात मामांच्या दुप्पट कसब होतं आणि त्या हातात झाडू. कारण सगळ्यांना मामांचाच हात हवा. गंमत म्हणजे गावभर मिशा उतरवणाऱ्या मामांनी स्वतःची झुपकेदार मिशी मात्र जपली. कुणी विचारलं की म्हणायचे, माझं काही अडलेलं नाही.

दिवस गेले. मामींना एक मुलगी, धाकटी म्हणतो आम्ही तिला, मोठा भाऊ कुठल्याशा जहाजावर असतो. धाकटीला मामींनी दुपारी दुकान रिकामं असताना शिकवलं. फुगे फुटल्याचे आवाज मला प्लायवूडमधून यायचे आणि मी दचकून शिवण वाकडी करायचे. मग हळूहळू आवाज यायचे बंद झाले. पोरीचा हात असा तयार झाला की मी माझ्या नवऱ्याला तिच्याकडे पाठवला. तो येऊन म्हणाला, मला कळलंच नाही कधी झाली. आणि माझा नवरा भाजी आणायला पाठवला तरी कटकट करणारा माणूस आहे.

इकडे मामांचा हात थरथरायला लागला. कपभर चहा बशीत सांडायचा. धाकटी म्हणाली, बाबा, खिडकीची खुर्ची मला द्या. मामा आनंदानं द्यायला तयार. पण गिऱ्हाइकं? केस तिच्याकडून कापून घेतील, दाढी करून घेतील, मिशीचा विषय निघाला की उठून मामांच्या पुढ्यात. मामांनी एकाचा ओठ कापला, तो रक्त पुसत म्हणाला, हरकत नाही, शकुन चांगला आहे. धाकटीनं टॉवेल असा झटकला की माझ्या भिंतीवरची टेप खाली पडली.

मोठ्या रस्त्यावर काचेचं नवं पार्लर निघालं होतं. त्यांनी तिला बोलावलं होतं. ती आईला म्हणाली, "खिडकीची खुर्ची माझी होणार नसेल तर मी महिना संपला की तिकडे जाते. मला नुसते कानाभोवतीचे केस कापायला ठेवलंय का इथे?" त्या दिवशी मामींचा वस्तरा पट्ट्यावर चुकला आणि पट्ट्याला चीर पडली. मी त्यांना इतक्या वर्षांत एकदाही चुकताना पाहिलं नव्हतं. पोर गेली तर मामांच्या थरथरत्या हातावर ते दुकान किती दिवस चालणार होतं? आणि मामींनी जे काही कमावलं होतं, ते सगळं त्या पोरीच्या बोटांत होतं.

मग एका सकाळी एक तरुण मुलाखतीला निघालेला, धाकटी फेस घेऊन पुढे आली तर म्हणतो, "ताई, राग मानू नका, पण बाईच्या हाताला तो गुण नाही." माझं डोकं फिरलं. मी कात्री हातात तशीच घेऊन पलीकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. दाढ, बोळा, कोट, बटण, आडवा हात, अर्धी मिशी. "मिशी काढली ती या बाईनं," मी म्हटलं, "या मामी. मी इथे उभी होते, या फरशीवर."

फुकटचा पेपर वाचायला येणारे निवृत्त मास्तर चष्मा पुसायला लागले. मामी स्टुलावरून उठल्या. म्हणाल्या, "खरं आहे. मीच काढली. चुकून."

मला वाटलं आता आकाश कोसळेल. कसलं काय. मुलाखतवाला म्हणाला, "मामी, धाकटीसाठी तुम्ही एवढं करताय, आई असावी तर अशी." दुसरा म्हणाला, "चुकून कसं होईल? एवढा मोठा गवई चुकून होतो का?" मास्तर चष्मा चढवून म्हणाले, "टेलरबाई, घटना आणि दंतकथा यांत फरक असतो. घटनेला साक्षीदार लागतो. दंतकथेला ऐकणारा पुरतो. तुम्ही साक्षीदार एक, आम्ही ऐकणारे अख्खं गाव."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"छे छे. तुम्ही खरंच बोलत असाल. पण त्याचा उपयोग काय?"

मी मामांकडे पाहिलं. म्हटलं, मामा, तुम्ही तरी सांगा. मामा कंगवा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. शेवटी म्हणाले, "तशी होती ती तिथे. वस्तऱ्यांना धार लावायला."

मामी परत स्टुलावर बसल्या. मला मामांच्या डोक्यात कात्री घालावीशी वाटली, आणि मामींच्या चेहऱ्याकडे पाहून रडू आलं. धाकटीनं फेसाचा वाडगा बेसिनमध्ये ओतला आणि बाहेर निघून गेली.

तेवढ्यात बातमी आली की गवई येतोय. म्हातारपणी, त्याच सभागृहात, शेवटचं गाणं म्हणून. आणि जाता जाता त्या सलूनला भेट देणार. गल्लीत उत्साह मावेना. मी मात्र मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आता येतोय खुद्द घटनेतला माणूस. आता बोला मास्तर.

तो आला सकाळी, काठी टेकत, गुळगुळीत चेहऱ्याचा. दारात थांबला. मामींवरून नजर नुसती फिरवली आणि पुढे जाऊन त्यानं मामांना मिठी मारली.

"तुमचं ते वाक्य मी जन्मभर विसरलो नाही," तो म्हणाला.

मामा म्हणाले, "कुठलं?"

"आवाजाला आडोसा नको."

मी दाराची चौकट धरली. अहो, दाढेच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसलेल्या माणसाचं वाक्य हा जन्मभर विसरला नव्हता. ज्याची मिशी गेली त्यालाच दंतकथा आठवत होती. मास्तरांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्या माणसाला मी तेव्हाच चष्म्यासकट शिवून टाकणार होते.

गवई खिडकीच्या खुर्चीत बसला. म्हणाला, "तुमच्या हातानं एकदा होऊन जाऊ दे." मामांनी फेस लावला. तिथवर ठीक होतं, ब्रश थरथरला तरी फेस छानच होतो. मग त्यांनी वस्तरा उचलला. पात्यावरचा उजेड भिंतीवर नाचायला लागला. गवयानं डोळे मिटलेले, मान मागे, म्हाताऱ्या गळ्यावर शीर उडतेय. सगळं दुकान बघतंय. मामांच्या कपाळावर घाम. त्यांनी वर पाहिलं, मामींकडे, आणि हळूच वस्तरा त्यांच्या पुढे धरला.

मामींनी तो घेतला. मी म्हटलं आता. इतक्या वर्षांनी, त्याच खुर्चीत, तोच गाल. मामींनी वस्तरा हातात तोलला, अंगठ्यानं धार बघितली. आणि धाकटीच्या हातात दिला.

धाकटीनं आईकडे एकदा पाहिलं. मग वाकली आणि गवयाच्या गालावर करंगळी ठेवली.

गवयाचा सगळा चेहरा बदलला. फेसातून, डोळे मिटलेलेच, तो पुटपुटला, "हाच. हाच तो हात." मग सबंध दाढी होईपर्यंत त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि धाकटी ते करंगळीनंच टिपत होती. त्याला वाक्य खोटं आठवत होतं, पण गालाला खरं आठवत होतं.

त्यानं डोळे उघडले, समोर ही पोरगी. तो गोंधळला. पण मास्तर कशाला असतात? "उतरला," मास्तर पेपर उंच धरून म्हणाले, "मामांचा हात लेकीत उतरला." झालं. संध्याकाळपर्यंत गावभर. दुसऱ्या दिवसापासून खिडकीच्या खुर्चीपुढे रांग, आणि सगळ्यांना धाकटीच हवी. पार्लरवाला दोनदा येऊन गेला, तिनं त्याचीही मिशी काढली.

मी मामींना म्हटलं, "एवढी हातात आलेली संधी घालवलीत."

"संधी घालवली कुठे," त्या म्हणाल्या, "लेकीला दिली." आणि इतक्या हसल्या की त्यांना स्टूल धरावं लागलं. मला हसू येत नव्हतं. मला अजून तो दिवस दिसत होता, कंगवा पुसणारे मामा, आणि परत स्टुलावर बसणाऱ्या मामी.

मग काही दिवसांनी, ऐन गर्दीत, मामा रांग मोडून आले आणि खिडकीच्या खुर्चीत बसले. लोक हसले. धाकटी फेस घेऊन आली. तिनं लावलेला फेस मामांनी गप्प लावून घेतला, पण तिनं वस्तरा उचलला तसं त्यांनी एक बोट वर केलं. थांब. मग आरशातून कोपऱ्यात पाहिलं, जिथे मामी चीर पडलेल्या पट्ट्यावर धार लावत होत्या, आणि हात आडवा करून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवला.

मामींचा पट्टा थांबला. "अहो, तोंडानं सांगा," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी याच खुणेनं घोळ झाला होता."

मामा फेसातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मागच्या वेळचं मला काय माहीत. मी कुठे होतो इथे? मी दाढ काढायला गेलो होतो. मिशी तू काढलीस."

मग मास्तर शेजारच्याला हळूच म्हणाले, "केवढा हा विनय," आणि शेजारच्यानं मान डोलावली. पण मामींनी ते ऐकलं नसावं. त्या आल्या, मामांच्या गालावर करंगळी ठेवली, आणि ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथे राहिली. मग त्यांनी अर्धी मिशी उतरवली आणि थांबल्या. आरशात अर्धे मामा इकडचे, अर्धे तिकडचे. मामींचे ओठ हलत होते, हसू की रडू मला कळलं नाही, माझे डोळे भरले होते.

"आता दुसरी बाजू ठेवायची की काढायची, तेवढं सांगा."

"काढ," मामा म्हणाले. "तुझ्या हातानं."